हाकेला ओ

माझ्या भावानं जन्मभर विसरण्याची नोकरी केली. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण मी पदरचं काही घालत नाहीये. दादा एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होता. रसायनशास्त्राच्या परिचराचे हात ॲसिडनं पिवळे पडलेले असायचे, प्राणिशास्त्राच्या परिचराजवळ नाक धरून उभं राहावं लागायचं. आमच्या दादाचे हात मात्र लग्नाला निघाल्यासारखे स्वच्छ. "तुझ्या प्रयोगशाळेत फुटतं तरी काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "डोकं. पण आवाज होत नाही."

ती खोली मी पाहिली आहे, कारण तिचे काळे पडदे मीच शिवून दिले होते. पडदे शिवणं हाच माझा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे दादाचं बिऱ्हाड, मधे एक दार आणि ते कायम उघडं. त्यामुळे त्या घरात कोण काय बोललं हे मला न विचारताही कळतं. कुणाला आवडो न आवडो.

मानसशास्त्राच्या प्रयोगाला दोघं लागतात. एक प्रयोग करणारा आणि दुसरा, ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. त्याला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. वर्गात मुलं विषम संख्येत आली की एकाला जोडीदार उरायचा नाही, आणि मुलांचं सगळंच विषम असतं. मग दादाला बसवायचे. डोळ्यांवर पट्टी बांधून लाकडी चक्रव्यूहातून बोट फिरवायला दादा, आरशात बघून तारा गिरवायला दादा. पोरं त्याला 'प्रयुक्तकाका' म्हणायला लागली. पहिल्यांदा तो चिडला, मग त्याला ते नाव मानाचं वाटायला लागलं.

त्यातलं मुख्य यंत्र म्हणजे ढोल. किल्ली दिली की तो हळूहळू फिरतो आणि त्याच्या छोट्याशा खिडकीत एकेक शब्द येऊन जातो. शब्द मुद्दाम अर्थ नसलेले. खुफ. डिव. लुझ. झेम. अर्थ असला की माणसाला त्याच्यावरून काहीतरी आठवतं, म्हणून मग नुसती पाठ करण्याची शक्ती मोजायची तर असलेच शब्द हवेत, असं दादानं मला समजावलं होतं. आता गंमत अशी की ढोलातली पट्टी कुणी कधी बदललीच नाही. वर्षानुवर्षं तेच शब्द. मुलं बदलत गेली, प्रयुक्त तोच. तेव्हा दादा पहिल्याच फेरीत सगळे शब्द घडाघडा म्हणून मोकळा व्हायचा आणि मुलांची पंचाईत व्हायची. शेवटी विभागाच्या मुख्य बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "अहो, तुम्ही जरा विसरत जा. पुस्तकातल्यासारखा आलेख येत नाही."

मग दादा विसरायला शिकला. कसं विसरायचं तेही त्यानं नीट समजून घेतलं. माणसाला सुरुवातीचं आठवतं, शेवटचं आठवतं, मधलं गळतं. म्हणून तोही मधल्या शब्दांना अडखळायचा, कपाळ चोळायचा, "थांबा थांबा, ओठांवर आहे" म्हणायचा. नाटकात गेला असता तर नाव काढलं असतं. घरीही तेच. वहिनीनं बाजारातून आणायला पाच वस्तू सांगितल्या की पहिली आणि शेवटची हजर, मधल्या गायब. "घरीसुद्धा पगारी विसरताय का?" ती ओरडायची. तो म्हणायचा, "अगं, शास्त्र आहे ते."

ह्या 'अगं'विषयी सांगायला हवं. मला दादा 'ए' म्हणायचा, लेकीला 'बाळ'. 'अगं' हे फक्त वहिनीचं. तिचं नाव घेऊन हाक मारल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. चष्मा सापडत नसला की छोटं अगं, बातमी असली की लांबलचक अगं, चूक झाली असली की दाराआडून येणारं मऊ अगं. आणि वहिनी जिथे असेल तिथून, मोरीतून, गच्चीवरून, "ओ!" मग तिला हवं तितकं रागावून ती यायची, पण ओ आधी द्यायची. मी म्हणायचे, "तुमचा संसार अडीच अक्षरांवर चाललाय." वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या डोळ्यांवर येतोय का?" एरवी ती मला नावानं हाक मारते. टोमणा मारायचा असला की वन्सं.

भाचीनं त्याच कॉलेजात मानसशास्त्र घेतलं तेव्हा दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. पहिल्या वर्षाचं पुस्तक त्यानं स्वतः कव्हर घालून दिलं. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उजळणी. लेकीनं मोठ्यानं वाचायचं, यानं प्रश्न विचारायचे. संवेदन म्हणजे काय, अवधान म्हणजे काय, स्मृतीचे प्रकार किती. "पाया पक्का कर बाळ," तो म्हणायचा. "वरचे मजले कुणीही चढवतं." वहिनी शेंगा सोलत ऐकायची आणि मधेच विचारायची, "एवढं सगळं डोक्यात असतं, तर मग तुझ्या बाबांच्या डोक्यात मधल्या तीन वस्तू का नाही राहत?"

दादा प्रयोग चालू असतानाच पडला. ढोल फिरत होता, एक पोरगा शब्द मोजत होता. दादा पहिले काही शब्द म्हणाला आणि मधे थांबला. पोरगा वाट बघत बसला. त्याची तरी काय चूक? मधे थांबण्याबद्दलच तर प्रयुक्तकाका प्रसिद्ध होते. सगळे हसले म्हणे. मग दादाच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली कुणाला तरी दिसली.

दवाखान्यातून घरी आला तो अर्धा. उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. पण बोलायला तोंड उघडलं की नुसता वारा. आम्ही त्याची खाट खिडकीशी लावली. कितीतरी दिवस तो गप्प होता. मग एका सकाळी त्यानं टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं आणि स्वच्छ म्हणाला, "खुफ."

वहिनी घाबरली. भाची आधी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आत्या, हे ढोलातलं आहे."

बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. चित्रं दाखवायच्या, आकडे म्हणून घ्यायच्या. आकडे आले नाहीत, वार आले नाहीत, लेकीचं नाव आलं नाही. ढोल मात्र आला. बाई म्हणाल्या, "जे फार घोटलेलं असतं ते कधीकधी उरतं. कुणाची गाणी उरतात, कुणाचे पाढे. कुणाच्या तर नुसत्या शिव्या."

"आमच्याकडे मेलं निरर्थक तेवढंच उरलं," मी म्हणाले. बाईंना हसू आलं नाही. मला तरी कुठे आलं होतं!

पण दादानं त्या निरर्थकावरच घर चालवायला घेतलं. खुफ म्हणजे पाणी, हे तर पहिल्याच दिवशी ठरलं. लुझ म्हणजे पुरे. डिव म्हणजे खिडकी, उघडी असली तर लाव आणि बंद असली तर उघड. आमच्या तिघींच्या ते इतकं अंगवळणी पडलं, की एकदा जेवताना भाचीनं मला वाढताना "लुझ?" विचारलं आणि मी "अजून थोडं" म्हणाले. राहता राहिला झेम. तो शब्द सगळ्यात जास्त यायचा आणि त्याचा पत्ता लागायचा नाही. पाणी नको, खिडकी नको, उशी नको. झेम, झेम.

वहिनीचं डोकं कुठे गेलं असेल? एक दिवस माझ्या मशीनपाशी येऊन हळूच म्हणाली, "खरं सांग हं. कॉलेजात ह्या नावाची कुणी होती का? टायपिस्ट वगैरे?"

मी इतकी हसले की मशीनखाली दोरा तुटला. "वहिनी, असल्या नावाची बाई जगात कुठे असेल का?"

"तुला काय जातंय हसायला! दिवसभर दुसरीचं नाव ऐकायला तुझा नवरा नाहीये तो."

ते कोडं भाचीनं सोडवलं. पोरगी शेवटी मानसशास्त्राची. तिनं आईला खोलीबाहेर पाठवलं, परत बोलावलं, मला पाठवलं, स्वतः गेली. आम्ही दोघी गेलो तर दादा गप्प. वहिनी दाराबाहेर गेली की, "झेम." "आई," भाची म्हणाली, "झेम म्हणजे तू."

मला वाटलं वहिनी विरघळेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणाली, "मी नाही झेम. मी अगं आहे." आणि दादाच्या समोर स्टूल ओढून बसली. "म्हणा. अ. गं." त्याची जीभ आत धडपडायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. बाहेर यायचं झेम. "अहो, अ. गं. सोपं आहे." झेम. रोज सकाळी ही शिकवणी. मी सांगितलं, हाक मारतोय ना, शब्द कुठलाही असो. वहिनीला ते पटेना. तिला वाटायचं, एकदा अगं आलं की त्याच्या पाठोपाठ बाकीचा नवराही परत येईल. तिच्या बाजूनं विचार केला तर त्यात वेडेपणा तरी काय होता?

परीक्षा जवळ आली होती. भाची संध्याकाळी बाबांच्या खाटेशी बसून पूर्वीसारखीच मोठ्यानं उजळणी करायची. दादाला ते आवडायचं. मेंदूचा धडा तिनं गुपचूप वगळला. मग अध्ययनाचा धडा आला. पिंजऱ्यातला उंदीर, दांडी, खाण्याची गोळी. योग्य प्रतिसादाला बक्षीस मिळालं की तो प्रतिसाद पक्का होतो. त्याला प्रबलन म्हणतात.

"दुसरीच दांडी दाबली तर?" वहिनीनं शेंगा सोलता सोलता विचारलं.

"तर काही नाही मिळत. म्हणून तो बरोबर तीच दाबायला शिकतो."

वहिनीनं हातातली शेंग तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं झेमला ओ देणं बंद केलं. सकाळी आतून "झेम" ऐकू आलं, पुन्हा आलं. मी मशीन थांबवलं. वहिनी स्वयंपाकघरात उभी, हात ओट्यावर, हलेना.

"वहिनी, दादा बोलावतोय."

"नीट हाक मारली की जाईन."

"तो काय उंदीर आहे?"

"वन्सं, तुम्ही यात पडू नका." ती कोरडा ओटाच पुसायला लागली. "मी त्यांच्या भल्यासाठीच करतेय. मला काय हौस आहे?"

हौस नव्हती, हे मला दिसत होतं. त्याचं खाणंपिणं, पुसणं, कूस बदलणं, ती सगळं करायची. फक्त हाकेला ओ द्यायची नाही. दादा झेम म्हणायचा आणि ती दाराआड पदर तोंडात धरून उभी राहायची. आणि नशीब पण कसलं दुष्ट! चार-पाच दिवसांनी दादा खरंच "अ" म्हणाला. एकटा अ. वहिनी भरल्या हातांनी धावली, "ओ! ओ! आले!" त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या गालाला पीठ लागलं. मला म्हणाली, "बघितलंस? येतंय." तो अ आला नसता तर बरं झालं असतं. त्याच्या जोरावर ती नेटानं ओ गिळत राहिली.

अ पुन्हा आला नाही. झेम कमी होत गेलं. आधी दिवसभर असायचं, मग सकाळ-संध्याकाळ, मग कधीतरी. पाणी तो माझ्याकडे मागायचा, लेकीला खिडकी सांगायचा. वहिनी खोलीबाहेर निघाली की नुसता तिच्या पाठीकडे बघायचा. मग बघणंही थांबलं आणि त्यानं तोंड खिडकीकडे केलं.

भाचीची उजळणी पुढे सरकत होती. एका संध्याकाळी वाचता वाचता ती थांबली आणि पान उलटायला लागली.

"का गं, राहिलं ना ते," वहिनी म्हणाली. "वाच."

"महत्त्वाचं नाहीये आई."

"वाच म्हणते ना."

भाचीनं वाचलं. विलोपन. बक्षीस मिळणं थांबलं, की प्रतिसाद हळूहळू कमी होत जातो आणि शेवटी बंद पडतो.

वहिनी फार शिकलेली नाही, पण हे वाक्य तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. ती उठली. शेंगांचं ताट मांडीवरून खाली पडलं, तिकडे तिनं बघितलंही नाही. खाटेच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला जाऊन ती दादाच्या तोंडासमोर बसली. "अहो, मी झेम. झेमच आहे मी. मारा ना हाक. आता लगेच येते." दादानं तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या नजरेत. राग असता तर सोसला असता. त्यानं डाव्या हातानं तिचा हात हलकेच थोपटला, पाहुण्यांचा थोपटतात तसा, आणि डोळे मिटले. मी फटकळ म्हणून गावभर प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मी खाली बसून नुसत्या सांडलेल्या शेंगा गोळा केल्या.

भाचीनं रडून घेतलं आणि पुस्तकात पुढचं पान शोधून काढलं. तिथे लिहिलं होतं, विलोपन म्हणजे पुसून जाणं नव्हे. मधे काही काळ गेला, की बंद पडलेला प्रतिसाद कधीकधी आपोआप परत येतो. वहिनीनं ते इतक्या वेळा वाचून घेतलं की तिला पाठ झालं. मग ती वाट बघायला लागली. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, सगळं काम तिनं दादाच्या खोलीत आणलं. आणि आता ती कशालाही ओ द्यायची. दादा खोकला, ओ. खाट करकरली, ओ. खिडकीची फळी वाऱ्यानं हलली तरी, "ओ, आले." मी माझ्या खोलीत कात्री आपटली तर तिकडून ओ आली. त्यानंतर मी कात्री गादीवर ठेवायला लागले.

दादाला दुसरा झटका आला तेव्हा ती अंगणात चादरी वाळत घालत होती. मी त्याच्याजवळ होते. सगळं चटकन झालं. ती धावत आली, तिनं त्याला हलवलं, मग माझ्याकडे वळून एवढंच विचारलं, "काही म्हणाले?"

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. पण ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती आणि तिला फसवणं मला कधीच जमलेलं नाही. "नाही गं वहिनी," मी म्हणाले.

त्याला पोचवून आलो, घर आवरलं, खाट उभी करून भिंतीला लावली. वहिनी रडायची तेवढी रडली आणि मग एकदम कामाला लागली. बोलायची फक्त कामापुरतं. ओ द्यायचं कारणच उरलं नव्हतं. मी तिला हाक मारली तर ती "हं" म्हणायची. परीक्षा द्यायची नाही असं भाचीनं ठरवलं होतं. तिला वहिनीनंच उठवून पाठवलं. "बाबांनी पाया घातलाय ना? मग जा."

पेपर देऊन पोरगी दुपारी परत आली. वहिनी आमच्याकडे पाठ करून मोरीत कप विसळत होती. मी दारातच विचारलं, कसा गेला.

"स्मृतीवर प्रश्न आला," भाची खुर्चीत बसत म्हणाली. "निरर्थक शब्द का वापरतात ते लिहा, आणि तीन उदाहरणं द्या."

"ते तर तुझ्या घरचंच."

"का वापरतात ते लिहिलं. उदाहरणं लिहिताना वाटलं, आत्या, की मी खोटं लिहितेय. खुफ लिहिलं. लुझ लिहिलं." तिनं पायातले बूट काढले आणि हातात धरून बसली. "तिसरं लिहायला गेले आणि लिहवेना. जागा तशीच सोडून आले."

"कुठलं तिसरं?"

"झेम."

"ओ," मोरीतून वहिनी म्हणाली.

ती वळलीसुद्धा नव्हती. तिच्या हातात कप होता आणि नळ चालू होता. मग तिला कळलं. तिनं कप खाली ठेवला, नळ बंद केला, आणि पाठमोरीच उभी राहून पुन्हा एकदा म्हणाली, "ओ."